नखभर पुढे आलेली टाइल

"आधी भिंत भिजव, मग फडकं लाव. कोरड्या काचेवर कधी घासू नकोस गं. वरून खाली ये, सांध्यांतून बोट फिरव, आणि शेवटी सुक्या फडक्याने टिपून घे. टिपल्याशिवाय वळायचं नाही."

हा आत्यांचा आवाज. माझ्या अंगात तो इतका मुरला आहे की आत्ता खिडकीच्या कट्ट्यावर, जुन्या वर्तमानपत्रावर उताणी पडले असतानाही मला तोच ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाइल आहे. तळहाताएवढी, हिरव्या-निळ्या रंगाची. कालपर्यंत मी एका न्हाणीघराच्या भिंतीवर होते. आज नाही. उद्या कुठे असेन, हे मला कोणी सांगत नाही. न्हाणीघराच्या दाराशी एक पोतं उभं करून ठेवलं आहे. त्यात माझ्या शेजारच्या दोन बहिणींचे तुकडे आहेत. पोत्याचं तोंड अजून बांधलेलं नाही, आणि माझी नजर काही त्याच्यावरून हटत नाही. इतकी वर्षं भिंतीवर काढली, पण कधी हलले नाही. इथे मात्र खालचा कागद वाऱ्याने फडफडला तरी वाटतं, आता पडले.   

वेळ जात नाही म्हणून तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

मूळची मी वाळू. भट्टीत वितळले, साच्यात ओतले गेले, दाबले गेले आणि हळूहळू निवले. मग माझ्या पाठीला रंग लावला. हो, पाठीलाच. बघणाऱ्याला वाटतं की रंग माझ्या तोंडावर आहे. पण माझं तोंड म्हणजे नुसती स्वच्छ काच. रंग सगळा मागे, भिंतीकडे. म्हणून माझी पाठ ओली झालेली मला चालत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या घरात मला आत्यांनी आणलं. आत्या म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाच्या वडिलांची बहीण. उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेल्या, बोलायला मऊ, नेमाच्या पक्क्या. भाच्याने नवं न्हाणीघर बांधायला काढलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की भिंत कशीही करा, पण हाताच्या उंचीवर काचेची एक पट्टी मला हवी. दारापासून नळांपर्यंत. कशाला, असं कोणी विचारलं नाही. आत्या काही मागत नसत, त्यामुळे मागितलं ते लगेच मिळालं.

आम्हाला बसवणारा मिस्त्री भारी बोलका होता. माणसं ऐकेनात तर टाइल्सशी बोलायचा. काचेतून मागचं सगळं दिसतं, म्हणून त्याने खास पांढरा मसाला कालवला, भिंतीवर पसरला आणि थापीने त्यावर उठलेल्या रेघा मोडून अगदी सपाट केला. एकेकीला दाबून बसवत तो पुढे सरकत होता. नेमकी माझी पाळी आली तेव्हा त्याचा चहा आला. चहा पिऊन येईपर्यंत मसाला घट्ट झाला, मी पुरती आत दबले नाही आणि ओळीतून पुढे राहिले. फार नाही, नखाच्या जाडीएवढी. दुसऱ्या दिवशी त्याने पट्टीवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, ही एक जरा शहाणी निघाली, काढून परत बसवतो.

आत्या म्हणाल्या, "राहू दे. सगळ्याच सरळ असल्या तर ओळखायच्या कशा? आमच्या घरातही एक आहे असा, ओळ सोडून पुढे येणारा." आणि त्यांनी भाच्याकडे पाहिलं. पन्नाशीच्या त्या भाच्याला आत्या अजून बाळ्याच म्हणत.

अशी मी राहिले. माझ्या अलीकडे थंड पाण्याचा नळ, पलीकडे गरम पाण्याचा.

ते दिवस चांगले होते. सकाळी खिडकीतून ऊन आलं की आमचा रंग बादलीतल्या पाण्यात उतरायचा. घरातली लेक ठकी तेव्हा लहान होती. ती पाण्यातला रंग तांब्यात भरायला बघायची आणि सापडला नाही की रडायची. आलेगेले पाहुणे हात धुवायला म्हणून आत यायचे आणि पट्टीवर बोट फिरवून जायचे. आत्यांचा तर नेमच होता. सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की त्या शेवटी जायच्या, आणि स्वतःचं आटपलं की आम्हाला पुसायच्या. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, जुन्या सुती चादरीचं मऊ फडकं, सांध्यांसाठी दात घासायचा जुना मऊ ब्रश. तोंडाने देवाचं नाव चालू. नाव आणि फडकं एका चालीत चालायचं. शेवटी खिडकी उघडी टाकून, आम्हाला कोरडं करून मगच बाहेर.

भाचा एकदा दाराबाहेरून म्हणाला, "आत्या, देव रुसेल हं. त्याच्यापेक्षा टाइल्सच जास्त पुसतेस."

"देव साबणाचे शिंतोडे उडवत नाही रे बाळ्या," आत्या आतून म्हणाल्या. "तू उडवतोस."

मग आत्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी सुईत दोरा जाईना, मग माणसांचे चेहरे मधोमध पुसट झाले, मग कडाही गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं की आतला पडदा झिजला आहे, त्यावर इलाज नाही. आत्यांनी ते फार शांतपणे ऐकलं आणि घर हाताने शिकून घेतलं. तेव्हा मला कळलं की पट्टी त्यांनी कशासाठी मागितली होती. त्यांच्या आईचेही डोळे असेच गेले होते. त्यांना कल्पना होती. बोलल्या नव्हत्या, एवढंच.

त्या दारातून आत येत, डावा हात पट्टीवर ठेवत आणि बोटं सरकवत पुढे येत. माझ्याशी आल्या की बोट माझ्या कडेवर अडखळे. तिथे थांबत, हात खाली नेऊन माझ्या अलीकडचा नळ सोडत. अंघोळ त्यांची त्या स्वतः करत. या गोष्टीचा त्यांना किती अभिमान होता, ते बोलून दाखवत नसल्या तरी मला त्यांच्या बोटांतून कळायचं. मिस्त्रीची चूक त्यांची खूण झाली होती. आणि मी, जिला काढून टाकायला निघाले होते, ती त्या ओळीत सगळ्यांत कामाची ठरले.

पण पुसता पुसता एकदा आत्या घसरल्या. हाड मोडलं नाही, गुडघा तेवढा सुजला. घर मात्र घाबरलं. भाचेसुनेने त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं. यापुढे तुम्ही पुसायचं नाही, आम्ही आहोत ना, असं म्हणाली. आत्यांनी ते दिलं, पण देताना सगळं समजावून दिलं. सुरुवातीला सांगितलं ना, तो आवाज तेव्हाचा. घरात ठरलं की आत्यांनी सगळ्यांच्या आधी अंघोळ करायची, आणि ज्याची अंघोळ शेवटी, त्याने भिंत पुसायची.

तेव्हापासून या घरात शेवटी अंघोळ कोणालाच नको झाली. भाचा पहाटेच घुसू लागला. ठकी, जिला एरवी हाका मारून उठवावं लागे, ती डोळे चोळत रांगेत पुढे. सगळे आपापसांत हसत, एकमेकांना ढकलत. आत्यांनाही गंमत वाटे. सकाळी देवापुढे बसल्या की त्या आतूनच विचारत, "भिंत पुसली का गं?" आणि कोणीतरी सांगे, "पुसली हो आत्या."

आधी आधी ते खरं होतं.

मग एक दिवस भाचेसुनेला कामाला निघायला उशीर झाला. नाही म्हटलं असतं तर आत्या स्वतः उठून आल्या असत्या, आणि परत पडल्या असत्या तर? म्हणून ती मायेपोटी म्हणाली, पुसली. ठकीही तसंच म्हणाली. भाचाही. ती पुसत असेल असं याला वाटे, हा पुसत असेल असं तिला. वाईट कोणीच नव्हतं, मित्रांनो. सगळे आत्यांना जपतच होते. आम्हाला मात्र कोणी हात लावत नव्हतं.

आमच्या घरचं पाणी जड, क्षाराचं. थेंब वाळला की पांढरा ठिपका मागे राहतो. ठिपक्यावर साबण बसतो, साबणावर पुन्हा ठिपका. बघता बघता आमच्यावर साय धरल्यासारखा थर आला. सांधे भरून गेले आणि माझी पुढे आलेली कड त्या थरात बुजली. आत्यांची बोटं माझ्यावरून जात आणि पुढे निघून जात. मग परत येत. शोधत. मी मनातल्या मनात ओरडत होते की इथे आहे, इथे आहे मी. काचेचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

आत्यांना थर कळत नव्हता असं समजू नका. कापडाचा एक धागा चुकला तरी ज्या बोटांना समजायचं, त्यांना एवढा थर समजणार नाही? तरी बाहेर येऊन त्या विचारत, "पुसली का गं?" आणि उत्तर ऐकून गप्प बसत.

एका सकाळी त्यांची बोटं मला ओलांडून गेली. हात खाली गेला आणि पलीकडचा नळ सुटला. पाणी कढत होतं. आत्या ओरडल्या नाहीत. फक्त श्वास जोरात आत ओढला आणि हात माझ्यावर दाबून धरला. 

मनगट भाजलं होतं. घरात धावपळ झाली, मलम लागलं, भाचा स्वतःवरच चिडला. आणि त्याच चिडीत त्याने ठरवलं की आता आत्याने एकटीने अंघोळ करायची नाही. अंघोळ घालायला एक बाई ठेवू, येत्या महिन्यापासून.  आत्या म्हणाल्या, "बाळ्या, बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं करते ना रे मी? अंघोळ तेवढी माझी राहू दे." तो म्हणाला की बघू. बघू म्हणजे नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

भाचेसुनेला ते मनगट बघवेना. कितीतरी महिन्यांचं राहिलेलं काम एका दुपारी फेडायला ती आत आली. हातात ॲसिडची बाटली आणि तारेची घासणी. बिचारीचे डोळे वाहत होते, वासाने की कशाने, कोण जाणे. तिने आम्हाला भिजवलं नाही. कोरड्यावरच ओतलं. सांध्यांतून फेस आला, चरचर आवाज झाला. मग घासणी फिरली. माझ्या तोंडावर तेव्हा जे ओरखडे उठले, ते आता मरेपर्यंत जायचे नाहीत. संध्याकाळी पट्टी लखलखत होती. घरातले बघून गेले, वा म्हणून गेले. मला मात्र चैन नव्हतं. सांध्यांतला भरणा ॲसिडने खाल्ला होता आणि त्या बारीक भोकांतून पाणी आत शिरत होतं.

मागून पाणी झिरपतंय आणि आपल्याला वळून बघता येत नाही, याच्यासारखा जाच नाही. टिप. टिप. प्रत्येक अंघोळीला मसाला थोडा सुटायचा. माझ्या पाठीचा रंग एका कोपऱ्यात काळा पडला. आपण भिंतीला धरून आहोत की भिंत आपल्याला, हे समजेना. शेवटी काल सकाळी माझ्या दोन्ही बाजूंच्या बहिणी खाली पडल्या आणि फुटल्या. मी नुसती लोंबकळत होते.

भाच्याने मिस्त्रीला बोलावलं. तोच मिस्त्री, आता केस पांढरे. त्याने बोटाने टकटक केलं. मी पोकळ वाजले. त्याने धक्का दिला, तशी मी अलगद त्याच्या तळहातात आले. म्हणाला, नळांजवळ पोकळ झालंय, बाकीचे सांधेही खाल्लेत. त्यापेक्षा पट्टीच काढा, वरपर्यंत मोठ्या पांढऱ्या टाइल्स लावू, पुसायची कटकट नाही. भाच्याला ते पटलं. बाई येणारच आहे, मग पट्टी हवी कशाला? मिस्त्रीने मला कट्ट्यावर ठेवलं, पोतं दाराशी लावलं आणि उद्या येतो म्हणून गेला.

तो उद्या म्हणजे आज. दार वाजतंय. थांबा.

मित्रांनो, इथवर सांगितलं तेव्हा मी कट्ट्यावर होते. पुढचं मी तुम्हाला काही दिवसांनी सांगते आहे.

त्या सकाळी मिस्त्रीने हातोडी काढली, तेवढ्यात आत्या भिंत धरत दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या की ती पुढे आलेली माझ्या हातात द्या. ठकीने मला उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. आत्यांनी अंगठा माझ्या तोंडावरून फिरवला. ओरखडे मोजल्यासारखा, सावकाश. मग कडेवरून.

"ही मला मधे कितीतरी दिवस सापडतच नव्हती," त्या म्हणाल्या.

भाचेसून जागच्या जागी उभी राहिली. "मग बोलला का नाहीत, आत्या?"

"तुम्ही रोज पुसली म्हणत होतात गं. तुम्हाला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, आधीच माझं एवढं करतात, त्यात आणखी काय बोलायचं. चुकलं माझंही."

 मिस्त्री उगाच थापीची धार बघू लागला.

"मी पुसत नव्हते, आत्या," भाचेसून हळूच म्हणाली.

"मी पण नाही," ठकी म्हणाली.

भाच्याने नुसता घसा साफ केला. आत्या म्हणाल्या, "तुझं माहीत आहे बाळ्या. तू शाळेत असतानाही दात न घासता घासले म्हणायचास." मिस्त्रीला हसू आवरलं नाही, आणि मग सगळेच थोडं हसले. पण आत्यांचा हात माझ्यावर घट्ट होता.

"पट्टी ठेवा नाहीतर काढा, मी हट्ट धरत नाही," त्या म्हणाल्या. "पण मला खरं सांगत जा. पुसली नसेल तर नाही म्हणा. मी जपून पाय टाकीन. तुमची 'पुसली' खरी असल्यासारखी मी बेधडक जात होते, म्हणून भाजलं."

भाचेसुनेने त्यांचा भाजलेला हात हातात घेतला. "मी रोज पुसेन. आणि एखाद्या दिवशी राहिली तर राहिली म्हणेन. शब्द देते."

भाच्याने पोतं दारापासून बाजूला सरकवलं. म्हणाला, मिस्त्री, पट्टी राहू द्या. बाईचं काय, असं ठकीने विचारलं. तो म्हणाला की महिनाभर बघू. पण या वेळचं बघू वेगळं वाटलं. भिंत स्वच्छ राहिली तर बाई नको. नाही राहिली तर बाई. सगळं आता एका फडक्यावर आलं होतं.

मिस्त्रीने माझी पाठ खरवडून कोरडी केली, सगळे सांधे उकरून नव्याने भरले. माझ्या बहिणींसारख्या टाइल्स आता मिळत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंना साध्या पांढऱ्या लावल्या. माझी पाळी आली तशी त्याने विचारलं, या वेळी ओळीत बसवू ना? आत्या म्हणाल्या, "नाही हो. होती तशीच. हवं तर आधी चहा घ्या."

सांधे सुकेपर्यंत सगळ्यांनी कोपऱ्यात बादली घेऊन अंघोळी उरकल्या. आणि मग एका सकाळी आत्यांची बोटं पट्टीवरून सरकत आली, माझ्या कडेवर अडखळली आणि थांबली. अलीकडचा नळ सुटला. पाणी थंड होतं.

मित्रांनो, मी काही मोठी वस्तू नाही. पण माझं एक ऐका. तुमच्या घरातही काचेच्या, गुळगुळीत वस्तू असतील. त्यांना तारेने घासू नका, ॲसिडने जाळू नका. त्यांना मऊ फडकं, कोमट पाणी आणि रोजचा थोडा वेळ पुरतो. महिनोन् महिने विसरून एक दिवस जीव तोडून घासलं, तर ती काळजी नव्हे, ती मारहाण होते. आणि पुसलं नसेल तर पुसलं म्हणू नका. कोणाचा तरी हात तुमच्या शब्दावर ठेवलेला असतो.

माझी धास्ती मात्र अजून गेलेली नाही. पाठीवरचा काळा डाग आहे तसाच आहे. रोज सकाळी मी कान लावून असते की शेवटची अंघोळ कोणाची झाली, पावलं इकडे येतात की दाराकडे जातात. महिना अजून भरलेला नाही.

आजचंच घ्या. सगळ्यांचं आटपलं. भाचा गेला, ठकी गेली. माझ्या अंगावर थेंब तसेच होते आणि वाळायला लागले होते. बाहेर भाचेसुनेच्या चपला वाजल्या, किल्ल्या वाजल्या. उशीर झाला होता तिला. देवापुढून आत्यांचा आवाज आला, "भिंत पुसली का गं?"

किल्ल्यांचा आवाज थांबला. ते जुनं उत्तर किती सोपं होतं. 

"नाही आत्या," ती म्हणाली. "राहिलीय अजून."

तिने पिशवी खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या. मग अनवाणी पावलं इकडे आली. तिने खुंटीवरचं मऊ फडकं घेतलं, तांब्या भरला, आणि आधी भिंत भिजवली.